मागचं पान फाडू नका

यंदाच्या श्रावणात आमच्या गावचा टॉवर नऊ दिवस मुका होता. कुणी म्हणे वीज पडली, कुणी म्हणे बॅटऱ्या चोरीला गेल्या. दोन्ही प्रकार आमच्याकडे होत असतात, म्हणून फार चौकशी कुणी केली नाही. बँकेची कामं असलेले आर्णीला जाऊन आले, बाकीच्यांनी निरोप पायी पोचवले. माझा पुतण्या तेवढा रोज संध्याकाळी डवरणीहून आला की नाल्यापलीकडच्या टेकाडावर चढायचा आणि फोन डोक्यावर धरून उभा राहायचा. दहाव्या दिवशी रेंज आली. रात्रभर अपडेट उतरत राहिलं आणि सकाळी पोरगं तोंड पाडून माझ्या ओसरीवर येऊन बसलं.

"काका, गेलं थे."

"काय गेलं?"

"राणीचा भाग. परवापर्यंतच होता. आता नाई भेटत."

आठ महिने तो फोनवरच्या एका गेममधल्या त्या गोष्टीच्या मागे होता. राणी, तिचा कपटी भाऊ, वेढा पडलेलं शहर. गेमचं नाव मी इथे घेत नाही. मी म्हटलं, अरे पुढचा भाग खेळ, कळेल हळूहळू. तर म्हणतो, "पुढच्या भागात सारे रडून रायले, अन् मले मालूमच नाई काऊन रडून रायले."

ते वाक्य बरेच दिवस डोक्यातून जाईना.

ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक अख्खं जग कंपनीच्या सर्व्हरवर चालू असतं, त्यात एकाच वेळी हजारो माणसं वावरतात, आणि त्या जगाची गोष्ट अजून संपलेली नसते. दर काही आठवड्यांनी, कुठे काही महिन्यांनी, तिचा पुढचा भाग येतो. शहर जळतं, राजा मरतो, काल ज्या दुकानदाराकडून तलवार घेतली तो आज फितूर निघतो. माझ्या आईला हे समजायला अर्धं मिनिट लागलं. "म्हंजे पोथी लावल्यावानी," ती म्हणाली.

आमच्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. रोज एक अध्याय. अध्याय लांबला आणि लोक पेंगायला लागले तर अर्धाच. बायका वाती वळत ऐकतात, म्हातारे खांबाला टेकून डोळे मिटून ऐकतात, आणि झोपले असं वाटत असतानाच वाचणाऱ्याची चूक धरतात. सुरुवातीला रोज एकच प्रश्न: "काल कुठवर आलतो?" मग कुणीतरी मागचं सांगतं. दोन दिवस न आलेल्या बाईला शेजारीण कानात सगळं भरवते. गावात मयत झाली तर त्या दिवशी वाचन बंद. आणि पोथी लाल फडक्यात बांधून तिथेच पाटावर असते. ज्याचा अध्याय राहिला त्याने यावं, हात धुवावे, उघडून वाचावा.

त्यामुळे कंपन्या गोष्ट तुकड्यातुकड्याने का देतात, एकदम का देत नाहीत, ही तक्रार मला कधी पटली नाही. हप्त्याने येणाऱ्या गोष्टींचा आम्हाला सराव आहे. घरकुलाचे पैसे हप्त्याने येतात. पीएम किसानचे सहा हजार वर्षातून तीनदा दोन-दोन हजार करून येतात, म्हणजे चार महिन्यांनी एकदा. 'फायनल फँटसी १४' या गेमचा मोठा कथाभागही हल्ली साधारण चार महिन्यांनीच येतो. वाट पाहण्यात वाईट काही नाही. भाग आला की तो संपवायला दोन संध्याकाळ लागतात, पण त्यावर बोलायला चार महिने पुरतात. पुतण्या आणि त्याचा दिग्रसकडचा एक मित्र फोनवर तासतास राणीच्या भावाची कुंडली मांडत असतात. सगळी गोष्ट एकाच दिवशी हातात पडली असती तर दोघांनी ती आपापल्या खोलीत संपवली असती आणि विसरलेही असते.

या हळूहळू सांगण्यात काय ताकद आहे याचा माझा आवडता दाखला फार जुना आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात 'अॅशरन्स कॉल' नावाचा गेम आला. त्या जगात दर महिन्याला काहीतरी नवं घडायचं. एक जुना राक्षस जादूच्या स्फटिकांच्या बळावर कोंडून ठेवलेला होता, आणि लिहिणाऱ्यांचा बेत असा की खेळाडूंनी एकेक स्फटिक फोडत जावं आणि तो मोकळा व्हावा. बाकी सर्व्हरवर, म्हणजे त्याच जगाच्या इतर प्रतींवर, तसंच झालं. 'थिसलडाऊन' नावाच्या एका सर्व्हरवर मात्र लोकांनी ठरवलं, शेवटचा स्फटिक फुटू द्यायचा नाही. त्याच्याभोवती पाळ्या लावून पहारा बसला. फोडायला येईल त्याला तिथेच गाडायचं. हे बरेच दिवस चाललं. शेवटी कंपनीच्याच माणसांना पात्रांचं रूप घेऊन मैदानात उतरावं लागलं, तेव्हा कुठे स्फटिक फुटला आणि ठरलेली कथा पुढे सरकली.

हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जागल आठवली. सोयाबीनला शेंगा धरल्या की आमच्याकडे रात्री शेतात जावंच लागतं, नाहीतर रोही आणि डुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. माळ्यावर दोघं बसतात, एक टिनाचा डबा, एक मोठी बॅटरी, अंगावर चादर. बारापर्यंत गप्पा चालतात. दोननंतर गप्पा संपतात आणि नुसतं ऐकणं उरतं. पऱ्हाटीत काही खसफसलं की डबा बडवायचा. तीनला डोळा लागतोच, म्हणून पाळी. थिसलडाऊनच्या त्या लोकांना राखायला पीकही नव्हतं. तरी कुणीतरी कुठल्यातरी देशात आपल्या घरी पहाटे उठून संगणकापुढे बसलं, कारण त्याची पाळी होती. पुढच्या महिन्यात काय होणार हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून आजचा पहारा खरा होता. शेवट आधीच लिहून हातात दिलेल्या गोष्टीसाठी कुणी जागलीला बसत नाही.

अशी उदाहरणं अलीकडेही आहेत. २०२४ मध्ये आलेल्या 'हेलडायव्हर्स २' मध्ये सगळे खेळाडू मिळून एकच मोठं युद्ध लढतात आणि कंपनीत बसलेला सूत्रधार निकालाप्रमाणे कथा फिरवतो. त्या मे महिन्यात खेळाडूंपुढे निवड ठेवली गेली: एका ग्रहावर नवी हत्यारं मिळवा, नाहीतर दुसऱ्या ग्रहावरच्या दवाखान्यातली मुलं वाचवा. लोकांनी हत्यारं सोडली आणि मुलं वाचवली. ती मुलं पडद्यावर दिसतसुद्धा नव्हती.

तर हळूहळू सांगण्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते सांगून झालेलं पुसून टाकण्याबद्दल.

'डेस्टिनी २' हा गेम २०१७ च्या सप्टेंबरात आला. २०२० च्या नोव्हेंबरात त्याची मूळ मोहीम आणि त्यानंतरच्या दोन पुरवण्या गेममधून काढून ठेवण्यात आल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत आणखी एक मोठी मोहीम गेली. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या गोष्टी होत्या या. कंपनीने कारण दिलं की गेमचा आकार फार वाढला, इतकं सगळं तपासून चालू ठेवणं जड जातं. कारण खोटं नव्हतं, हे मान्य करायला हवं. शंभर जीबीच्या पुढे गेलेला गेम आमच्या गावात कुणी उतरवूही शकणार नाही. पण आकार वाढला म्हणून पुस्तकाची पहिली शंभर पानं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फाडून आणायची, हा कुठला उपाय? त्यानंतर आलेल्या नव्या खेळाडूची गत माझ्या पुतण्यासारखी. समोर कुणीतरी कुणासाठी तरी जीव देतंय आणि याला दोघांचीही ओळख नाही.

असंच करावं लागतं, असंही नाही. 'गिल्ड वॉर्स २' ने २०१३-१४ मध्ये दर दोन आठवड्यांनी कथाभाग दिले आणि वेळ संपली की ते गायब केले. लोक चिडले. पुढच्या सत्रापासून कंपनीने पद्धत बदलली: भाग चालू असताना नुसतं लॉगिन केलं तरी तो कायमचा तुमचा, उशिरा आलात तर थोडे पैसे. हेही मला पूर्ण मान्य नाही, पण दार बंद करण्यापेक्षा बरं. आणि २०२२ मध्ये तर त्यांनी ते पहिलं गायब सत्रच पुन्हा बांधून कायमचं खुलं केलं. फायनल फँटसी १४ मध्ये २०१३ पासूनची मुख्य कथा आजही पहिल्या पानापासून खेळता येते. मधले काही रटाळ तुकडे त्यांनी २०२० मध्ये छाटले, तेही गोष्टीला धक्का न लावता. पोथी वाचणारासुद्धा फलश्रुतीच्या ओव्या भराभर म्हणून टाकतो, त्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही.

मग बाकीचे का पुसतात? आकार, तपासणी, मनुष्यबळ ही कारणं खरी धरली तरी एक कारण उरतं, आणि ते बाजारातलं आहे. आमच्या आठवडी बाजारात साड्यांचा एक विक्रेता येतो. भोंग्यावर ओरडतो, "आजचाच दिवस, ताई, आजचाच दिवस!" पुढच्या मंगळवारी पुन्हा त्याच जागी, त्याच साड्या, तोच आजचा दिवस. त्याला सगळे हसतात आणि कधीकधी घेतातही. गेमवाले हसण्यावारी नेत नाहीत. ते खरंच दुकान उचलतात. आज आला नाहीस तर कायमचं गेलं, ही भीती रोज लॉगिन करायला लावते, आणि रोज आलेला माणूस बॅटल पासही घेतो, म्हणजे त्या हंगामाची बक्षिसं मिळवायचं विकतचं तिकीट.

इथे मला गावातल्या जाणत्या मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्यांचं म्हणणं मी रोज पारावर ऐकतो. पोरं बिघडली, रात्रंदिवस फोनमध्ये असतात, बंद करा सगळं. त्यांची काळजी खोटी नाही. पण पोरगं कशामुळे फोनला चिकटतं ते तरी पाहा. नऊ दिवस टेकाडावर उभं राहिलेलं ते पोर खेळण्याच्या नादाने उभं नव्हतं. खेळायला त्याला दिवाळीनंतरही चाललं असतं. ते तिथे उभं होतं कारण भाग जाणार होता. तोच भाग पाटावरच्या पोथीसारखा जागेवर राहिला असता तर त्याने वर चढायचं कारणच नव्हतं. व्यसन सोडवायचं म्हणता ना, मग आधी तो शेवटच्या दिवसाचा भोंगा बंद करायला लावा. शिव्या मात्र पोराला पडतात.

आणि शेवटचा दिवस कुणाच्या पंचांगाने ठरतो? खास कथाभाग येतात उन्हाळी सुट्टीत, त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या पेरणी-निंदणात. हॅलोविनला आले की आमचं सोयाबीन खळ्यावर असतं. नाताळला येतात तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस वेचणीला असतं, कारण मजूर मिळत नाही आणि मिळाला तर किलोमागे जे मागतो ते द्यावं लागतं. त्यात डेटाचा हिशेब वेगळा. पुतण्याचं पॅक रोज दीड जीबीचं. अपडेट चार जीबीचं. म्हणजे रात्री बाराला नवा कोटा सुरू झाला की लावायचं, सकाळी दीड जीबीवर अडकायचं, पुन्हा दुसऱ्या रात्री. तीन रात्री नुसत्या दारात पोचायला. पुण्यात वायफायवर बसलेल्या पोराला चौदा दिवसांचा भाग चौदा दिवसच मिळतो. आमच्याकडे तो जेमतेम अकरा दिवसांचा असतो, तोही टॉवर बोलत असेल तर.

सरकारनेही या पोरांच्या गोष्टी मध्येच तोडल्या आहेत. २०२० च्या २ सप्टेंबरला ११८ अॅपवर बंदी आली, त्यात पबजी मोबाईल होतं. २०२१ च्या जुलैत ते बीजीएमआय होऊन आलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानातून उतरलं, २०२३ च्या मेमध्ये परतलं. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर गेलं. त्यामागची कारणं सुरक्षेची होती, त्यात मी शिरत नाही. त्या खेळांत गोष्ट अशी फारशी नव्हतीच, असं कुणी म्हणेल. असेल. पण आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी पहिल्यांदा दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी पोराशी मैत्री केली ती तिथेच.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. काही गोष्टी एकदाच घडाव्यात यातच त्यांची गोडी असते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. २०१९ च्या १३ ऑक्टोबरला 'फोर्टनाइट' चं अख्खं बेट एका कृष्णविवराने गिळलं आणि जवळपास दोन दिवस लोक काळ्या पडद्याकडे बघत बसले. ते पुन्हा कसं करणार? मी एकदा वडसा भागात पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथे झाडीपट्टीचं नाटक पाहिलं. रात्रभर चाललं, थंडीत लोक शेकोटी सोडून जागचे हलले नाहीत, आणि पहाटे तंबूचे दोर सुटले. ती रात्र मला परत मिळणार नाही. पण तेच नाटक दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी होतं, आणि पार होळीपर्यंत होत राहतं. माझी रात्र माझ्याजवळ राहिली. नाटक मात्र कुणी माझ्यासोबत पुरलं नाही.

घटना आणि गोष्ट या दोन वेगळ्या चिजा आहेत, इतकंच मला म्हणायचं आहे. आमच्या आजोबांच्या लग्नात वऱ्हाडाच्या छकड्याचं चाक निखळलं आणि नवरदेव चिखलातून चालत मांडवात आला. ती घटना एकदाच झाली. गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. फायनल फँटसी १४ चंच घ्या. २०१० मध्ये आलेला तो पहिला गेम फसला. कंपनीने २०१२ च्या नोव्हेंबरात तो बंद केला तो आकाशातला चंद्र जमिनीवर पाडून. त्या रात्री जे हजर होते ते हजर होते. त्यांचा मान कुणी काढून घेऊ शकत नाही. पण २०१३ मध्ये नवा गेम उघडला तेव्हा त्या जगातली माणसं त्याच प्रलयाबद्दल बोलत होती. मागाहून आलेल्यालाही काय जळलं ते कळत होतं. घटना संपली, गोष्ट ठेवली.

आणि फोर्टनाइटचं तरी काय झालं? २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने तेच जुनं बेट परत आणलं, तेव्हा एका दिवसात ४ कोटी ४७ लाख लोक खेळायला आल्याचं तिनेच जाहीर केलं. एकदाच घडण्यात गोडी असती, तर ही गर्दी कशाला झाली?

युरोपात हा प्रश्न रस्त्यावर आला आहे. 'द क्रू' नावाचा विकत घेतलेला गेम २०२४ च्या ३१ मार्चला सर्व्हरसकट बंद झाला, त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली, आणि २०२५ च्या जुलैत तिच्या मागणीवर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेमना उत्तेजन. बंदीचं मी स्वागत करतो. रमीच्या नादाने एका घरची बैलजोडी गेलेली मी पाहिली आहे. पण ज्या खेळांना उत्तेजन द्यायचं म्हणता, त्यांच्याशी गिऱ्हाइकाचा व्यवहार काय असावा? भाग विकताना तो किती दिवस टिकणार हे किमतीइतक्या ठळक अक्षरात लिहावं, आणि काढून घ्यायचाच असेल तर त्याची दृश्यं, संवाद आणि थोडक्यात हकिकत गेममध्येच कुठेतरी कायम ठेवावी. बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापावी लागते. इथे का नको?

विदर्भात कापसाला भाव नाही आणि तू गेमच्या गोष्टी काय सांगतोस, असं कुणी म्हणेल. माझ्या धाकट्या भावाने म्हटलंच, पोराच्या बापाने. त्याला मी एवढंच विचारलं की केवायसी अडकली म्हणून तुझा किसानचा हप्ता थांबला होता, नंतर मागचा पडला की नाही? पडला, म्हणाला. मग गप्प बसला, आणि विषय तुरीवर नेला.

राणीचं काय झालं ते पुतण्याला शेवटी कळलं. दिग्रसच्या त्या मित्राने सांगितलं. त्याच्याकडे त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती. ओलिताला गेला होता, मोटरच्या खोलीत बसून त्याने पाऊण तास फोनवर सगळा भाग सांगितला, मागे मोटर घरघरत होती, मध्येच "थांब, बारं मोडून येतो" म्हणून गेला आणि परत आला. पुतण्याने तोच भाग आमच्या माळ्यावर आणखी तिघांना सांगितला. मीही होतो. त्याच्या सांगण्यात राणीला एक घोडा मिळाला होता आणि तो शेवटपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मित्राला कळलं तेव्हा त्याने फोन केला. घोडा नव्हताच म्हणतो. अजून भांडण चालू आहे.